सतरावा प्रश्न

३ फेब्रुवारी
घरोघरच्या मोजणीच्या प्रश्नावलीतला सतरावा प्रश्न आज लिहून झाला. आधीचे सोळा भराभर झाले होते. ह्या एकाने आठवडा खाल्ला.

'आपल्या घरातील कोणाही व्यक्तीला गेल्या दहा वर्षांत कर्करोग झाल्याचे निदान झाले आहे काय? १. होय. २. नाही. ३. उत्तर द्यायचे नाही.' आणि खाली सूचना: 'नाही असल्यास पुढील सहा प्रश्न वगळा.' त्या सहा प्रश्नांत उपचार, खर्च, प्रवास, सगळं आहे.

आमच्या कार्यालयाच्या प्रमुखांनी, लसआद साहेबांनी, तो मोठ्याने वाचला. ते दिवसभर सूर्यफुलाच्या बिया फोडत असतात आणि टरफलं अर्ध्या प्यालेल्या चहाच्या ग्लासात थुंकतात. ग्लासाच्या तळाशी पुदिना, साखर आणि ओली टरफलं. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवते आणि तिकडेच बघत राहते.

"शाब्बास," ते म्हणाले. "स्पष्ट. शास्त्रीय. आपल्या लोकांना असं सरळ विचारणारं कुणीतरी हवंच होतं."

हाजर माझ्याबरोबर घरोघर जाऊन मुलाखती घेणार आहे. ती म्हणाली, "अगं दोरसाफ, हा शब्द कोण उच्चारतं आपल्याकडे? 'ते दुखणं' असं लिही."

"ते दुखणं म्हणजे कुठलं? साखर? क्षय? गुडघे?"

"तुला ठाऊक आहे कुठलं."

"मला ठाऊक असून काय उपयोग? कागदावर नेमकं पाहिजे."

मला आत्याने असंच शिकवलंय. दहा वर्षांची होईपर्यंत छातीच्या दुखण्यामुळे मी शाळेत पाठवण्याजोगी नव्हते. आई माझ्या जन्माच्या वेळीच गेलेली, बाबा मार्सेयला कामावर. मनूबिया आत्याने घरीच मला वाचायला, लिहायला आणि विचारायला शिकवलं. 'ते', 'अमकं', 'तसलं' म्हटलं की ती पाटी काढून घ्यायची. वस्तूला नाव असतं, ते घे, म्हणायची.

प्रश्न नीट लिहिला गेला पाहिजे. गेल्या वर्षी बायांनी धुराविरुद्ध गावाकडेच्या रसायन कारखान्याचा रस्ता अडवला तेव्हा करार झाला. मोजणीत हा रोग ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त घरांत निघाला, तर कारखाना आपल्या इस्पितळात उपचाराचा विभाग बांधून देईल. नाही निघाला तर नाही. मोजणीचा खर्च कारखानाच करतोय, पण आमचं कार्यालय स्वतंत्र आहे, असं करारात स्पष्ट लिहिलेलं आहे.

६ फेब्रुवारी
दिवसभर वारा कारखान्याकडून. सडक्या अंड्यांचा वास उशीच्या अभ्र्यातही.

मासे आणले होते. तळायला घेतले तशी आत्या तोंडावर ओढणी धरून अंगणात गेली आणि तिथेच बसून राहिली. जेवली नाही. हल्ली फार नखरे झालेत तिचे. आधी हरीसाच्या तिखट चटणीशिवाय घास उतरत नसे, आता नुसता भात आणि दही. घरातसुद्धा लोकरीची टोपी. दातांसाठी दर तिसऱ्या सोमवारी स्फाक्स शहरात जाते आणि आली की दोन दिवस कुणाशी बोलत नाही. मी म्हटलं, इथला दंतवैद्य काय वाईट आहे? म्हणाली, त्याचे हात घाण असतात. ते मात्र खरं आहे.

संध्याकाळी तिने माझे प्रश्न लाल पेन्सिल घेऊन तपासले. नवव्यावर थांबली. 'घरी येणारे पाणी स्वच्छ व पुरेसे असते काय?'

"दोन प्रश्न एका पोत्यात कोंबलेस. पुरेसं असलं पण घाण असलं, तर मी काय सांगू?"

मला इतकी लाज वाटली. कॉलेजात दोन वर्षं हेच शिकले आणि हीच चूक.

सतराव्यावर तिने पेन्सिल खाली ठेवली. "हा बरोबर आहे," म्हणाली. "शब्द बरोबर आहे." मग पाणी मागितलं.

१२ फेब्रुवारी
चाचणी फेरी. बंदरामागची गल्ली. सतराव्याला सगळीकडे 'नाही'. नुसतं नाही नव्हे, "नाही, दूर राहो आमच्यापासून!" एक म्हातारी दृष्ट टळावी म्हणून स्वतःच्या गळपट्टीत थुंकली. एकीने दार लावून घेतलं आणि फटीतून म्हणाली, "नाही लिही आणि जा."

परत येताना मला आनंद झाला होता. लोक म्हणतात तितकं आमचं गाव बुडालेलं नाही. मग वाटलं, विभाग मिळणार नाही याचा आनंद होतोय का मला? तसं नाही. पण माणसं आजारी नाहीत, हे विभागापेक्षा चांगलंच की.

हाजर वाटेत काही बोलली नाही. ती गप्प राहणाऱ्यांतली नाही.

१५ फेब्रुवारी
लसआद साहेबांनी सतराव्याचा तिसरा पर्याय काढून टाकला. "'उत्तर द्यायचे नाही' असं छापलं की लोकांना वाटतं, यात काहीतरी लपवण्यासारखं आहे. आपणच सुचवायचं का?" यावर पुस्तकातही दोन्ही मतं आहेत.

प्रश्नावली मंजूर होऊन छापायला गेली. खाली माझं नाव, पहिल्यांदाच.

२५ फेब्रुवारी
आज जे झालं ते क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

मबरूका मावशीचं घर. रस्ता अडवणाऱ्या बायांत ती पहिल्या रांगेत होती. आम्हाला बैठकीच्या खोलीत बसवलं, चहा आणला, वर चिलगोजे टाकलेले. शेजारच्या खोलीला पडदा होता. पडद्यामागून वास येत होता. संत्र्याच्या फुलांचं पाणी खूप शिंपडलेलं, त्याखाली औषध, आणि त्याखाली आणखी काहीतरी, मांसाच्या दुकानात दुपारी येतं तसं.

पाण्याचे, घराचे, कामाचे प्रश्न झाले. तिने सगळी उत्तरं नीट दिली, नळाच्या पाण्यावर तर एक भाषणच दिलं. मग मी सतरावा वाचला. वाचताना वारा आला, पडदा हलला. पलीकडे तिचा नवरा. गळ्यातून नळी. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याने प्रश्न ऐकला होता.

"नाही," मबरूका मावशी म्हणाली. "दूर राहो."

मी दोनवर खूण केली. 'पुढील सहा प्रश्न वगळा.' वगळले. चोविसावा विचारला: घरात दूरदर्शन संच आहे काय?

तिने चहा प्यायचा आग्रह केला. चिलगोज्यांवर माशी बसली होती. तो चहा मी प्याले. बाहेर येऊन भिंतीपाशी ओकले. हाजरने माझं कपाळ धरलं.

"आता कळलं? नाव घेतलं की ते ऐकतं आणि घरात येऊन बसतं."

"अगं, पण ते आलेलंच आहे!"

"आलंय म्हणून काय, उशी-पांघरूण द्यायचं त्याला?"

माझ्या हाताची मला किळस वाटते आहे. त्याच हाताने 'नाही' लिहिलं, आणि अक्षर किती सुबक.

२६ फेब्रुवारी
लसआद साहेबांना सांगितलं. प्रश्न चुकलाय, मी चुकले, इथे हा शब्द घरात कुणी घेत नाही, प्रश्न बदलला पाहिजे.

त्यांनी बी फोडली. "प्रश्न मंजूर आहे, मोजणी सुरू आहे. अर्ध्या घरांना एक विचारलंस आणि अर्ध्यांना दुसरं, तर बेरीज कशाची करणार?"

हे बरोबर आहे. अगदी पुस्तकातलं आहे.

"शिवाय," ते म्हणाले, "विज्ञान कुजबुजीवर चालत नाही, दोरसाफबाई. तूच म्हणालीस ना, नेमकं पाहिजे?"

त्यांच्या टेबलावर त्यांच्या आईचा फोटो आहे, काळी फीत लावलेला. गेल्या हिवाळ्यात गेल्या. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, आई कशाने गेल्या?

"आई? तिला ते..." ते थांबले. "वय झालं होतं तिचं."

मग बराच वेळ ते फोटोची काच बाहीने पुसत होते. दुःखी माणसाला मी आणखी त्रास दिला असं वाटलं आणि माघारी आले.

५ मार्च
आज आमचंच घर यादीत निघालं. स्वतःच्या घरची मुलाखत घ्यायची नाही हा नियम मीच लिहिलाय, म्हणून हाजर आत गेली आणि मी बाहेर डाळिंबाखाली थांबले. खूप वेळ लागला. 'नाही' असलं की मुलाखत लवकर संपते, म्हणून मला काळजी वाटायला लागली, की आत्या प्रश्नांतल्या चुकाच काढत बसली असेल.

हाजर बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"काय झालं?"

"कांदा. आत्या कांदा चिरत होती."

घरात कांद्याचा वास नव्हता. पण हाजर काहीही बोलते.

फॉर्म पाहिला. सतराव्याला 'नाही'. इतक्या खोट्या 'नाही'मध्ये हे एक तरी खरं 'नाही', म्हणून मला बरं वाटलं. जिने मला नाव घ्यायला शिकवलं ती तरी शब्दाला घाबरणार नाही. हाजरला हे म्हटलं तर ती म्हणाली, "तू ना, पुस्तकात जन्माला यायला हवी होतीस."

१४ मार्च
काल हाजरने हात टेकले. "बाई गं, लोक सांगायला बसलेत. तू फक्त त्यांना सांगता येईल असं विचार."

"कसं?"

"मदतसंस्थेची बस सोमवारी पहाटे बंदरापासून सुटते. ती फक्त ते दुखणं असणाऱ्यांचीच असते. स्फाक्सच्या मोठ्या इस्पितळात जाते, संध्याकाळी परत. गावात कुणाला माहीत नाही असं नाही. तुझ्याशिवाय."

आम्ही शिक्क्याचे फॉर्म घरी ठेवले, साधे कागद घेतले आणि बंदरामागच्या त्याच गल्लीत पुन्हा गेलो. प्रश्न एवढाच: तुमच्या घरचं कुणी सोमवारच्या बसने जातं का?

मला वाटलं होतं, एखादी तरी हो म्हणेल.

बायका दारात उभ्याने बोलायला लागल्या, मग आत नेऊन बसवायला लागल्या. सासू जाते. मुलगी जायची, आता जात नाही, आता ती तिथे टेकडीवर असते. कितव्यांदा सुई लावली की केस जातात, कुठल्या नर्सचा हात हलका, बसमध्ये पुढची जागा का धरायची. थांबवता येईना. कागद संपले, मी पाठकोऱ्यावर लिहिलं. गळपट्टीत थुंकलेल्या म्हातारीने स्वतःचं पोट दाखवलं. इतकं सगळं सांगितलं आणि कुणी, एकीनेही, नाव घेतलं नाही.

मबरूका मावशी म्हणाली, "नवरा जायचा. आता उठवत नाही. अगं, आधीच का नाही विचारलंत?"

"विचारलं होतं, मावशी."

"ते? ते कुठे विचारणं होतं? त्याच्या तोंडावर शिवी दिलीस तू, माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन."

मी माफी मागितली. तिने अंजिरांची पिशवी दिली. अंजिरांना तरी नाही म्हणायला हवं होतं. घेतली.

१६ मार्च
ते कागद लसआद साहेबांकडे नेले. त्यांनी बोट चाटलं, पान उलटलं. पुन्हा बोट चाटलं, पुन्हा पान. त्या बायकांच्या बोलण्यावर त्यांची थुंकी वाळताना दिसत होती.

"बस म्हणजे रोग नव्हे. बसने माणूस चुलतभावालाही भेटायला जातो. आणि तू विचारतेस कसं, तर उत्तर त्यांच्या हातात ठेवून. याला काय म्हणतात, तुला मी शिकवायचं?"

"पण तुम्हाला माहीत आहे की हे खरं आहे."

"मला काय माहीत आहे ते कोण विचारतंय?" त्यांनी कागदांवर चहाचा ग्लास ठेवला. तो टरफलांचाच. "अहवाल छपाईला गेलाय. एकतीस तारखेला नगरपालिकेच्या सभागृहात वाचायचा. तू व्यासपीठावर बस. आणि ऐक, कायमची जागा निघतेय. मी तुझं नाव दिलंय. तुझ्यासारखी काटेकोर मुलगी मिळत नाही."

मी ग्लास उचलून बाजूला ठेवला, कागद पुसले आणि घेऊन आले. गोल डाग गेला नाही.

मला त्यांची किळस येते. पण बस म्हणजे रोग नव्हे हे त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही, याची जास्त येते. रात्री आत्याला विचारणार होते, खरोखर उत्तर सुचवणारा प्रश्न आहे का हा? पण आज सोमवार. ती स्फाक्सहून येऊन भिंतीकडे तोंड करून झोपलेली.

३१ मार्च
सभागृह भरलेलं. बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. खिडक्या बंद ठेवल्या होत्या, वारा कारखान्याकडून होता म्हणून. तरी वास होताच, आणि त्यावर कारखान्याच्या प्रतिनिधीचं अत्तर. तो ट्यूनिसहून आला होता, टेबलाखाली बूट काढून बसला होता. आत्याही आली होती, शेवटच्या बाकावर. मी बोलावलं नव्हतं.

लसआद साहेबांनी वाचलं. पाणी, घरं, काम. मग: "तपासलेल्या घरांपैकी एकाही घरात कर्करोगाची नोंद आढळलेली नाही."

मी वाट पाहत होते. आता कुणीतरी ओरडेल. ज्या बायांनी ट्रकसमोर झोपून रस्ता अडवला, त्या आता उठतील.

कुणी हललं नाही. उठणार कशा? उठायचं तर शेजाऱ्यापाजाऱ्यांदेखत म्हणायला हवं, माझ्या घरात आहे. मुलीचं लग्न व्हायचंय, नवरा अजून जिवंत आहे. बाया मांडीवरच्या हातांकडे बघत होत्या. आणि लसआद साहेब ह्याच शांततेची वाट पाहत होते. घड्याळाकडे न बघता त्यांना माहीत होतं ती किती वेळ टिकेल. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि पान उलटायला बोट चाटलं. तेव्हा कळलं मला. फेब्रुवारीतच 'शाब्बास' म्हणाले होते ते कशासाठी.

मबरूका मावशी बसल्या जागेवरून म्हणाली, "हा प्रश्न कुणी लिहिला?"

"मी," मी म्हटलं. उभी राहिले. "मी लिहिला, मावशी. वाईट लिहिला. मला दुसरा विचारायचाय."

"हे कार्यक्रमात नाही," साहेब म्हणाले.

"येत्या सोमवारच्या बसने कोण कोण जाणार आहे?"

पंख्याचा आवाज तेवढा. कारखान्याचा माणूस साहेबांच्या कानाशी लागला, "कसली बस?" साहेब अहवालाची पानं सारखी करत राहिले. मी सगळ्यांना उघडं पाडायला निघाले होते, आणि ते मला उत्तर न देऊन माझ्यावर दयाच करत होते.

मग शेवटच्या बाकावरून, वर्गात हजेरी द्यावी तसा आवाज आला.

"मी."

आत्या उभी होती. तिने टोपी काढून हातात घेतली होती. "मी जाते. ऑक्टोबरपासून."

मला वाटलं, ती मला सांभाळून घेण्यासाठी खोटं बोलतेय. मग तिच्या डोक्याकडे पाहिलं.

"माझा नवरा जायचा," मबरूका मावशी म्हणाली. "मी," थुंकणारी म्हातारी म्हणाली. मग एक बाक, मग पुढचा. पुरुषांतही कुणी कुणी. काही नुसत्याच उभ्या राहिल्या. प्रतिनिधी टेबलाखाली पायाने बूट शोधत होता.

पुन्हा मोजणी व्हावी असं शेवटी इतिवृत्तात लिहिलं गेलं. होईल का, ते माहीत नाही. साहेबांनी जाताना मला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. चांगलं हसून सांगितलं.

घरी आल्यावर मी आत्याला म्हटलं, "मला का नाही सांगितलंस? दात म्हणालीस."

"तू नाव घेतलं असतंस. रोज, सकाळ-संध्याकाळ. डॉक्टरच्या चिठ्ठीतले शब्द मोठ्याने वाचले असतेस."

"तूच शिकवलंस नावं घ्यायला."

"हो. शिकवत होते तेव्हा मी धडधाकट होते."

हाजरला पहिल्यापासून माहीत होतं. गावाला माहीत होतं. मी तिच्या जेवणातले नखरे ह्या वहीत लिहीत होते.

६ एप्रिल
आज आत्याबरोबर बसने गेले. माझ्याकडे कागद नव्हता, विचारायचंही काही नव्हतं. बसमध्ये लोक लग्नांबद्दल, ऑलिव्हच्या भावाबद्दल बोलत होते. जाताना चक्क हसत होते. मबरूका मावशीचा नवरा शुक्रवारी गेला. त्याची पुढची जागा कुणी घेतली नाही, तिथे सगळ्यांच्या पिशव्या ठेवल्या होत्या.

इस्पितळात आत्याला चार तास सुई होती. मी ओळीतल्या खुर्च्यांवर बसून माणसं मोजायला लागले आणि मध्येच सोडून दिलं.

परतीला रस्ता वळणांचा नाही, सरळच आहे, तरी ती म्हणाली, "पिशवी." मी वेळेत उघडली. थोडं माझ्या बाहीवर उडालं. आंबट, औषधाचा वास, सकाळचं दही. पुढच्या बाईने मागे न बघता दुसरी पिशवी दिली.

"इकडे बघू नकोस," आत्या म्हणाली.

"नाही बघत."

मी बघत होते. मला किळस आली, दात आवळून धरावे लागले. पिशवी गरम होती. मी ती दोन्ही हातांनी तिच्या तोंडाशी धरली, आणि झालं असं तिने म्हणेपर्यंत खाली घेतली नाही.